बिलातला दर येतो कुठून?
दुकानाच्या कॉम्प्युटरमधील सेटिंग्ज सांभाळण्याचा धडा

सूरह अल्-बकराची २८२ वी आयत ही दिव्य कुरआनातील सर्वांत मोठी आयत असून ती देण्याघेण्याविषयी आहे. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवावा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे आणि रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, अशी शिकवण तीत आहे. पूर्वी हा लिहिणारा म्हणजे दुकानातील मुनीम असे. आज बहुतेक दुकानांत ते काम कॉम्प्युटरकडे आले आहे. मुनीम चुकला तर त्याला विचारता येत होते, की हा दर तू कुठून घेतलास? कॉम्प्युटरला आपण असे विचारत नाही. त्याने छापले म्हणजे ते बरोबरच असणार, असे समजून बिलावर शिक्का मारतो.

कॉम्प्युटर बेरीज-गुणाकारात चुकत नाही, हे खरे. पण कोणत्या दराने गुणायचे, तारीख कशी वाचायची, बिलाचा क्रमांक कुठून सुरू करायचा, ग्राहक कोणत्या राज्यातला धरायचा, हे त्याला कोणीतरी आधी सांगून ठेवलेले असते. या सांगून ठेवण्यालाच सेटिंग म्हणतात. अडचण अशी की सांगणारा एक नसतो. एकाच गोष्टीविषयी चार ठिकाणी चार गोष्टी सांगितलेल्या असतात आणि कॉम्प्युटर त्यांपैकी एकाचेच ऐकतो. तो कोणाचे ऐकतो हे मालकाला ठाऊक नसेल, तर दुकान मालकाच्या नव्हे, त्या अज्ञात सेटिंगच्या हुकमाने चालते. आजच्या धड्यात आपण हे सांगणारे कोण कोण असतात, त्यांत कोणाचे चालते आणि त्यांना शिस्त कशी लावावी, हे क्रमाने पाहू.

सांगणारे किती?

बिलिंगचा कोणताही प्रोग्रॅम घ्या, त्याला पुढील ठिकाणांहून सेटिंग्ज मिळत असतात.

पहिले ठिकाण म्हणजे प्रोग्रॅम बनवणाऱ्याने आतच घालून दिलेली मूळ सेटिंग. आपण काहीच सांगितले नाही तर हीच चालते. कागदाचा आकार, पैशांचे दशांश, नव्या ग्राहकाचे राज्य अशा कितीतरी गोष्टी त्यात आधीच भरलेल्या असतात.

दुसरे ठिकाण म्हणजे प्रोग्रॅमच्या फोल्डरमधील सेटिंगची फाइल. टॅलीच्या फोल्डरमध्ये टॅली डॉट आयएनआय नावाची अशी फाइल असते. डेटा कोणत्या फोल्डरमधून उघडायचा हे तीत लिहिलेले असते. कॉम्प्युटर दुरुस्त करून आणला आणि सगळा हिशेब गायब झाला, अशी धावपळ पुष्कळदा होते. त्यातील बऱ्याच वेळा हिशेब जागेवरच असतो, या फाइलमधला पत्ता तेवढा बदललेला असतो.

तिसरे ठिकाण म्हणजे आपल्या कंपनीच्या डेटामधील सेटिंग. टॅलीत एफ-११ दाबल्यावर जी यादी दिसते ती त्या एका कंपनीपुरती असते. दोन भावांच्या दोन पेढ्या एकाच कॉम्प्युटरवर असतील तर एकीत केलेला बदल दुसरीत आपोआप होत नाही.

चौथे ठिकाण म्हणजे प्रत्येक मालाची, मालाच्या गटाची किंवा ग्राहकाच्या खात्याची नोंद. पाचवे ठिकाण म्हणजे बिल करताना ऐनवेळी हाताने केलेला बदल.

याशिवाय दोन सांगणारे बाहेरचे असतात आणि तेच बहुधा विसरले जातात. एक विंडोज आणि दुसरा एक्सेलचा कागद. तारखेचे उदाहरण घ्या. ०४/०५ म्हणजे आपल्याकडे ४ मे, पण अमेरिकन पद्धतीने ती ५ एप्रिल होते. विंडोजमध्ये अमेरिकन इंग्रजी ठेवले असेल तर एक्सेल तारखा त्याच पद्धतीने वाचतो. १३ ते ३१ या तारखा मात्र महिना होऊ शकत नाहीत, म्हणून त्या तारीख म्हणून धरल्याच जात नाहीत. यादीतल्या काही ओळी उलटतात आणि काही नुसती अक्षरे बनून राहतात.

हा प्रश्न नवा नाही. १९९० च्या दशकात आपल्या बाजारपेठांतील अनेक बिलिंग प्रोग्रॅम फॉक्सप्रोवर लिहिलेले असत. फॉक्सप्रो मुळात अमेरिकन पद्धतीची तारीख धरत असे. ती बदलायची तर प्रोग्रॅममध्ये 'सेट डेट ब्रिटिश' अशी ओळ लिहावी लागे, किंवा कॉन्फिग डॉट एफपी या फाइलमध्ये तशी सूचना द्यावी लागे. प्रोग्रॅममध्ये ओळ नसेल आणि नव्या कॉम्प्युटरवर ती फाइल न्यायची राहिली, तर तारखा मुकाट्याने पुन्हा अमेरिकन होत. प्रोग्रॅम बदलले, पण दुखणे तेच राहिले आहे.

कोणाचे चालते?

याचा सर्वसाधारण नियम समजायला व्यापाऱ्याला अवघड नाही, कारण आपल्या फिकहमध्ये तो जुनाच आहे. उस्मानी सल्तनतीत १८६९ ते १८७६ या काळात हनफी फिकहच्या आधारे 'मजल्ला' नावाची दिवाणी कायद्याची संहिता तयार झाली. तिच्या सुरुवातीच्या कायद्यांत दोन गोष्टी येतात. बाजारात जो रिवाज सर्वांना माहीत आहे तो करारात लिहिल्यासारखाच धरावा, ही एक. आणि जिथे स्पष्ट शब्दांत सांगितलेले आहे तिथे अंदाजाने काढलेल्या अर्थाला किंमत नाही, ही दुसरी.

उदाहरणार्थ, हमाली कोणी द्यायची हे सौद्यात ठरले नसेल तर बाजाराचा रिवाज चालतो. ठरले असेल तर ठरलेले चालते. कॉम्प्युटरमध्येही बहुधा असेच असते. मूळ सेटिंग म्हणजे रिवाज. कंपनीची सेटिंग त्याहून स्पष्ट. मालाच्या गटाची त्याहून स्पष्ट, एका मालाची त्याहूनही स्पष्ट, आणि बिलाच्या ओळीत हाताने लिहिलेली सर्वांत स्पष्ट. व्यवहाराच्या जितके जवळचे सांगणे, तितके ते वरचढ. जवळच्याने काहीच सांगितले नसेल तरच प्रोग्रॅम त्याच्या मागच्याला विचारतो.

मात्र सौद्यात काहीही ठरवले तरी हराम वस्तूचा सौदा हलाल होत नाही. तशाच काही गोष्टी जवळच्या सेटिंगला बदलता येणार नाहीत अशा बांधून ठेवाव्या लागतात. कंपोझिशन योजनेतील दुकानदाराला ग्राहकाकडून जीएसटी वेगळा घेता येत नाही. त्याला 'बिल ऑफ सप्लाय' द्यावे लागते. ही गोष्ट कंपनीच्या सेटिंगमध्येच ठरली पाहिजे. काउंटरवरच्या मुलाला एखाद्या बिलात कर लावण्याची मोकळीक त्यानंतर राहता कामा नये.

हा सर्वसाधारण नियम झाला. प्रत्येक प्रोग्रॅममध्ये तो हुबेहूब असाच असेल असे नाही. मालाची नोंद आणि विक्रीचे खाते या दोन्हींत दर लिहिलेले असतील तर आधी कोण, हे निरनिराळ्या प्रोग्रॅममध्ये निरनिराळे असू शकते. म्हणून पाठांतरावर विसंबू नये, चाचणी घेऊन पाहावे. ती कशी घ्यायची हे पुढे येईल.

एका दराची कथा

आता खरा प्रसंग पाहू. ३ सप्टेंबर २०२५ रोजी झालेल्या जीएसटी कौन्सिलच्या ५६ व्या बैठकीत दर बदलले आणि बहुतेक बदल २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाले. तयार कपड्यांवर आधी नगाला १,००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के कर होता. आता २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के झाला. पादत्राणांवर जोडीला १,००० रुपयांपर्यंत १२ टक्के आणि त्यावर १८ टक्के होता. तोही आता २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के झाला.

समजा, तयार कपड्यांचे एक दुकान आहे. थोरल्या मुलाने २१ सप्टेंबरच्या रात्री मालाच्या गटाला नवे दर लावले आणि तो निर्धास्त झाला. पण काही कुर्ते आणि शेरवानी यांच्या स्वतःच्या नोंदीत पूर्वी कधीतरी थेट १२ टक्के लिहिलेले होते. नियम आपण पाहिलाच. मालाचे सांगणे गटापेक्षा जवळचे. म्हणून गटातील बाकी माल नव्या दराने गेला आणि हे नग जुन्याच दराने जात राहिले.

कर सोडून २,००० रुपयांच्या कुर्त्यावर १०० रुपये कर हवा होता, लागला २४०. नगामागे ग्राहकाकडून १४० रुपये जास्त गेले. ३० नग विकले तर ४,२०० रुपये. उलट ४,००० रुपयांच्या शेरवानीवर १८ टक्क्यांनी ७२० रुपये हवे होते, लागले ४८०. नगामागे २४० रुपये कमी. २५ नग विकले तर ६,००० रुपये.

पुढे काउंटरवरच्या मुलाला एका ग्राहकाने चूक दाखवली. त्याने त्या बिलात दर हाताने बदलला. ते बिल बरोबर झाले, पण माल तसाच राहिला, कारण बिलातला बदल त्या बिलापुरताच असतो. नंतर मुनीमजींनी मालाच्या नोंदी दुरुस्त केल्या. महिन्याभराने नव्या मालाची किंमत-यादी एक्सेलमधून चढवली. त्या कागदात दराचा जुना रकाना होता. त्याने दुरुस्त नोंदींवर पुन्हा १२ टक्के लिहून टाकले.

या कथेत कोणी आळशी नाही आणि कोणी बेइमान नाही. चौघांनी चार ठिकाणी आपापल्या समजुतीने काम केले. दोष एवढाच की या दराचे घर कोणते, हे दुकानात ठरलेले नव्हते.

नुकसान कोणाचे?

जास्त घेतलेले १४० रुपये दुकानदाराचे होत नाहीत. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ७६ प्रमाणे कर म्हणून ग्राहकाकडून घेतलेली रक्कम, ती लागू होती की नव्हती हे न पाहता, सरकारात भरावीच लागते. म्हणजे ग्राहकाचे गेले आणि दुकानदाराला मिळाले नाही. कमी घेतलेले २४० रुपये मात्र दुकानदाराच्या खिशातून जातात, आणि भरायला उशीर झाला तर वर्षाला १८ टक्के दराने व्याज चढते. व्याजापासून दूर राहू पाहणाऱ्या आपल्या बांधवांना हे व्याज निव्वळ निष्काळजीपणापायी भरावे लागावे, यासारखी वाईट गोष्ट नाही.

त्याहून मोठी गोष्ट हक्काची आहे. सूरह अल्-मुतफ्फिफीनमध्ये मापात कसूर करणाऱ्यांना कडक इशारा दिलेला आहे. पूर्वी आपले वडीलधारे रोज सकाळी दुकान उघडल्यावर तराजूचा काटा पाहत, रिकाम्या पारड्यांचा तोल पाहत. आज ग्राहकाचे माप बिलिंगच्या प्रोग्रॅममध्येही होते. त्या तराजूचा काटा म्हणजे सेटिंग्ज. तो तपासणे हे मालकाचे काम आहे, कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याचे नाही.

आता उपाय पाहू.

१. प्रत्येक सेटिंगचे एकच घर ठरवा

दर गटात ठेवायचे की मालात, हे एकदा ठरवावे. ज्या दुकानात एका गटातील सर्व मालाला एकच दर आहे तिथे तो गटात ठेवावा आणि मालाच्या नोंदीतला रकाना मोकळा सोडावा, म्हणजे माल गटाला विचारेल. टॅलीप्राइममध्ये मालाच्या नोंदीत दराचा उगम निवडता येतो. तपशील कंपनी किंवा गटाप्रमाणे घ्यायचा की इथेच लिहायचा, असे तिथे विचारले जाते. 'इथेच लिहिला' असे माल किती, याची यादी एकदा काढून पाहावी. त्यातले बहुतेक अनावश्यक निघतील. ज्या मालाचा दर खरोखरच गटाहून निराळा आहे तेवढेच राहू द्यावेत.

एकच गोष्ट सुरक्षेसाठी म्हणून दोन ठिकाणी लिहून ठेवणारे पुष्कळ असतात. हिशेबात ती सुरक्षा नव्हे. आज दोन्ही ठिकाणे जुळतात, उद्या एक बदलते आणि दुसरे राहते.

२. मोकळ्या रकान्याला कोण भरतो ते पाहा

जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असून त्याचे पहिले दोन अंक राज्याचे असतात. महाराष्ट्राचे २७, कर्नाटकचे २९, गोव्याचे ३०, गुजरातचे २४. आपले राज्य कंपनीच्या सेटिंगमध्ये असते आणि ग्राहकाचे त्याच्या खात्यात. प्रोग्रॅम दोन्ही ताडून पाहतो. एक असतील तर केंद्र आणि राज्य असा अर्धा-अर्धा कर, वेगळी असतील तर आयजीएसटी.

आता इचलकरंजीच्या व्यापाऱ्याने निपाणीच्या नव्या नोंदणीकृत गिऱ्हाईकाचे खाते उघडले. राज्याच्या रकान्यात प्रोग्रॅमने आपणहून महाराष्ट्र भरले आणि घाईत ते तसेच राहिले. निपाणी कर्नाटकात आहे. तिथे पाठवलेल्या मालावर आयजीएसटी लागायला हवा होता. एकूण रक्कम तीच दिसते म्हणून कोणाला संशय येत नाही, पण कर चुकीच्या खात्यात गेला. योग्य कर पुन्हा भरून आधीचा परत मागण्याची खटपट करावी लागते. म्हणून नवे खाते उघडताना क्रमांकाचे पहिले दोन अंक आणि राज्य ताडून पाहण्याची सवय लावावी.

३. दराला तारीख जोडा

दर बदलला की जुना पुसून नवा लिहू नये. चांगल्या प्रोग्रॅममध्ये 'अमुक तारखेपासून' असा रकाना असतो. तिथे २२ सप्टेंबर २०२५ लिहिले की त्याआधीची बिले जुन्या दराने आणि नंतरची नव्या दराने राहतात. याची गरज माल परत आल्यावर कळते. १० सप्टेंबरला १२ टक्क्यांनी विकलेला कुर्ता ऑक्टोबरमध्ये परत आला तर क्रेडिट नोट मूळ बिलाच्या १२ टक्क्यांनीच करावी लागते. जुना दर पुसून टाकला असेल तर तो आणणार कुठून? हिशेबाची वह्या-पुस्तके वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळायची असतात. तोवर जुने दरही सांभाळले पाहिजेत.

४. चाचणीचे बिल करा

आधी डेटाची एक प्रत वेगळ्या नावाने काढावी आणि चाचणी त्या प्रतीवरच घ्यावी. खऱ्या वहीत खोटी बिले करू नयेत, कारण बिलांचे क्रमांक सलग असावे लागतात. नंतर अशी बिले करावीत की ज्यांचे उत्तर आपल्याला कागदावर आधीच काढता येते. तयार कपड्यांसाठी पुढील तीन पुरेशी आहेत.

पहिले, नग २,५०० रुपयांचा. कर ५ टक्के, म्हणजे १२५. बिल २,६२५.

दुसरे, नग २,५०१ रुपयांचा. कर १८ टक्के, म्हणजे ४५० रुपये १८ पैसे. बिल २,९५१ रुपये १८ पैसे. किमतीत एक रुपयाचा फरक, पण बिलात सव्वातीनशेहून अधिक. प्रोग्रॅमला ही मर्यादा नीट कळली आहे की नाही ते इथे समजते.

तिसरे, नग २,८०० रुपयांचा, बिलातच दाखवलेली सूट ४००. विक्रीची किंमत २,४०० झाली, म्हणून कर ५ टक्के, १२० रुपये. प्रोग्रॅमने ४३२ दाखवले तर समजावे की तो सुटीच्या आधीची किंमत पाहून दर निवडतो आहे.

उत्तर चुकले तर अंदाजाने चार ठिकाणी बदल करू नयेत. बिलापासून मागे जावे. बिलाच्या ओळीत कोणी दर लिहिला आहे का? नसेल तर मालात? नसेल तर गटात? नसेल तर कंपनीत? ज्या पायरीवर तो आकडा पहिल्यांदा सापडेल तोच त्याचा उगम. दुरुस्ती तिथेच करावी आणि तिन्ही चाचण्या पुन्हा घ्याव्यात.

५. सेटिंगची वही ठेवा

दोनशे पानी साधी वही पुरे. त्यात सहा रकाने आखावेत: तारीख, काय बदलले, कुठे बदलले, आधी काय होते, आता काय आहे, कोणी बदलले. उदाहरणार्थ, '२१ सप्टेंबर २०२५, कुर्ता गटाचा दर, मालाचा गट, आधी १,००० पर्यंत ५ आणि वर १२, आता २,५०० पर्यंत ५ आणि वर १८, थोरला.' एवढी एक ओळ पुढे दोन दिवसांचा शोध वाचवते. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा आला आणि त्याने काही बदलले तर त्याच्याकडूनही ओळ लिहून घ्यावी. लिहिणे आणि साक्ष ठेवणे ही आपली शिकवणच आहे.

बॅकअप घेताना डेटाबरोबर सेटिंगची फाइलही घ्यावी. नुसता डेटा घेतला आणि नवा कॉम्प्युटर आणला तर कागदाचा आकार, प्रिंटर, डेटाचा पत्ता हे सगळे पुन्हा बसवावे लागते. यादी वहीत असेल तर ते तासाभराचे काम आहे.

६. दोन दुकाने असतील तर

दोन शाखांच्या सेटिंग्जचे दोन भाग करावेत. दर, मालाची नावे, एचएसएन क्रमांक, सूट देण्याची मर्यादा हे सर्वांचे सामाईक. ते एकाच ठिकाणी बदलावेत आणि तिथून दुसरीकडे जावेत, उलट कधीही नाही. प्रिंटर, कागद आणि बिलाच्या क्रमांकाची मालिका हे ज्याच्या त्याच्या दुकानाचे. बिलाचा क्रमांक १६ अक्षरांपेक्षा मोठा नसावा आणि आर्थिक वर्षात दोनदा येऊ नये, असा नियम आहे. एका शाखेची फाइल जशीच्या तशी दुसरीवर चढवली तर दोन्ही दुकानांतून एकाच क्रमांकाची बिले निघू लागतात. एकाच नोंदणी क्रमांकाखाली दोन्ही शाखा असतील तर हा घोटाळा थेट विवरणपत्रात उमटतो.

प्रिंटरचेही तसेच आहे. पावतीचा कागद ८० मिलिमीटर किंवा ५८ मिलिमीटर रुंद असतो. प्रोग्रॅममध्ये एक आणि विंडोजच्या प्रिंटर सेटिंगमध्ये दुसरा असेल तर पावतीची उजवी बाजू कापली जाते. नेमका आकड्यांचा रकाना उजवीकडेच असतो.

७. किल्ली आणि पाटी वेगळी ठेवा

जीएसटी पोर्टल, ई-वे बिल आणि बँक यांचे पासवर्ड या सेटिंग्ज नव्हेत, त्या किल्ल्या होत. सेटिंगची वही चार जणांना दाखवावी लागते. किल्ली दाखवायची नसते. म्हणून पासवर्ड त्या वहीत, सेटिंगच्या फाइलमध्ये किंवा काउंटरवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर लिहू नयेत. सेटिंगची फाइल दुरुस्त करणाऱ्याच्या पेनड्राइव्हमधून बाहेर जाऊ शकते, तिच्याबरोबर किल्लीही जाईल. काम सोडून गेलेल्या माणसाच्या हाती जे पासवर्ड होते ते त्याच दिवशी बदलावेत. यात त्याच्यावर संशय नाही. अमानत परत घेतली म्हणजे त्याच्यावरचा भारही उतरला.

कारागिरांसाठी दोन शब्द

हा धडा फक्त बिलाचा नाही. ज्यांच्याकडे कॉम्प्युटरवर चालणारे भरतकामाचे मशीन आहे त्यांनीही तो लक्षात घ्यावा. डिझाइनची फाइल पुष्कळदा डीएसटी प्रकारची असते. तीत टाका कुठे पडायचा आणि रंग कुठे बदलायचा एवढेच असते, रंग कोणता ते नसते. कोणत्या सुईत कोणता धागा आणि सुयांचा क्रम काय, हे मशीनच्या पॅनेलवर सांगावे लागते. म्हणजे एका नक्षीचे सांगणारे दोन झाले. फाइल बरोबर असूनही मशीनवर आधीच्या ऑर्डरचा सुयांचा क्रम राहिला तर हिरव्या वेलीला लाल पाने येतात. गिऱ्हाईकाकडून फाइल घेतानाच रंगांचा क्रम कागदावर लिहून घ्यावा, तो फाइलच्याच नावाने जपून ठेवावा आणि काम सुरू करण्यापूर्वी चिंधीवर एक नमुना काढावा. दुकानदाराचे चाचणीचे बिल आणि कारागिराची ही चिंधी, दोन्हींचे काम एकच.

या आठवड्याचा अभ्यास

वाचकांनी या जुम्याच्या आत तीन गोष्टी करून पाहाव्यात. पहिली, आपल्या दुकानातील सर्वांत जास्त विकला जाणारा एक माल घ्या आणि त्याच्या बिलातला दर कोणत्या ठिकाणाहून येतो ते मागे मागे जाऊन शोधा. दुसरी, तोच दर आणखी कोणकोणत्या ठिकाणी लिहिला आहे ते मोजा. एकापेक्षा जास्त ठिकाणी सापडला तर घर एकच ठेवा. तिसरी, वहीला सहा रकाने आखा आणि आज जे सापडले ती पहिली ओळ म्हणून लिहा.

जास्त हिशेबनीस ठेवण्याची किंवा महाग प्रोग्रॅम घेण्याची याला गरज नाही. बिलातला कोणताही आकडा दाखवून कोणी विचारले की हा कुठून आला, तर बोट ठेवून सांगता आले पाहिजे. ज्या दुकानात हे सांगता येते तिथे ग्राहकाचा हक ग्राहकाला, सरकारचा सरकारला आणि आपली हलाल कमाई आपल्याला मिळते, आणि इन्शाअल्लाह बरकतही त्यातच आहे.